पाळत, देखरेख, सांभाळ आणि ‘पालकाचे नाव’

एका वाचक ताईंचे दोन प्रश्न आहेत. वसतिगृहाच्या सूचनाफलकावर त्यांनी वाचलं, ‘मुलींवर पाळत ठेवण्यासाठी महिला अधीक्षक नेमण्यात आल्या आहेत.’ वाक्य खटकलं, पण का ते नेमकं सांगता येईना. दुसरा प्रश्न तिथल्याच प्रवेश अर्जाचा. भाची लहानपणापासून त्यांच्याकडे वाढते आहे, तर ‘पालकाचे नाव’ या रकान्यात वडिलांचंच नाव लिहायला हवं का?

वाक्य खटकलं ते योग्यच. पाळत संशयितावर ठेवतात, आणि ती त्याला कळू नये अशीच ठेवणाऱ्याची इच्छा असते. अधीक्षकबाई तर मुलींच्या देखत, त्यांच्या सोयीसाठी राहणार. तिथे ‘मुलींच्या देखभालीसाठी’ हवं होतं. शिस्तीवरच भर द्यायचा असेल तर ‘वसतिगृहावर देखरेख करण्यासाठी’ चाललं असतं.

‘मुलींच्या देखभालीसाठी’ आणि ‘वसतिगृहावर देखरेख’ यांत ‘च्या’ आणि ‘वर’ आपोआप बदलले, तिकडे लक्ष द्या. मुलाचा सांभाळ, आजीची देखभाल, बागेची निगा, शेताची राखण: जिथे काळजी आहे तिथे मराठी षष्ठी वापरते. कामावर देखरेख, व्यवहारावर नजर, आरोपीवर पाळत, खर्चावर नियंत्रण: जिथे अधिकार किंवा संशय आहे तिथे ‘वर’ येतं. ‘लक्ष’ या शब्दात तर दोन्ही बाजू एकत्र सापडतात. ‘मुलाकडे लक्ष दे’ म्हणजे त्याला काय हवं-नको ते बघ. ‘मुलावर लक्ष ठेव’ म्हणजे तो काही उद्योग करणार नाही ना, ते बघ. क्रियापदही बदललं. काळजीत आपण लक्ष देतो, पहाऱ्यात ठेवतो. शब्दकोशात ‘लक्ष’ची नोंद कितीही बारकाईने वाचली तरी हा फरक तिथे ठळकपणे भेटत नाही, तो बोलण्यातच आहे. मायेची पाखर किंवा वडिलांचं छत्र मुलांवर असतं, हे खरं. पण तिथलं ‘वर’ डोक्यावरच्या सावलीचं आहे.

मूळ अर्थावरून हा भेद ठरत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘निगा’ आली फारसीतल्या ‘निगाह’वरून, ‘नजर’ अरबीतून. दोन्हींचा अर्थ पाहणं. मराठीत मुरल्यावर मात्र ‘निगा राखणे’ हे रोपांचं, बाळंतिणीचं, तान्ह्या बाळाचं काम झालं, आणि ‘नजर ठेवणे’ हे पहारेकऱ्याचं. त्याच निगाहच्या घरातली ‘निगराणी’ देखरेखीकडे झुकली, म्हणून पोलिसांच्या निगराणीत माणूस असतो, निगेत नसतो. सरकारी पदनामांमध्येही पाहणंच आहे. निरीक्षक, अधीक्षक, पर्यवेक्षक, सगळे संस्कृत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूचे. आणि ‘उपेक्षा’ही त्याच धातूची!

‘राखण’ या शब्दाबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण त्यात धाक आणि माया एकत्र नांदतात. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन उभा असतो तो राखणदार, आणि कोकण-गोव्यात गावाची सीमा सांभाळणारा देवही राखणदारच. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो अशी श्रद्धा आहे. चोराला त्याची भीती, गावकऱ्याला त्याचा आधार. तरीही कुणी त्याला ‘गावावर पाळत ठेवणारा’ म्हणणार नाही.

आता पालक. रोजच्या बोलण्यात, पालक सभेमुळे म्हणा, हा शब्द ‘आई-वडील’ याच अर्थी रुळला. शब्दात मात्र पालन आहे, जन्म नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात अज्ञान, म्हणजे कायद्याने अजून लहान असलेल्या, व्यक्तीची किंवा तिच्या मालमत्तेची काळजी ज्याच्याकडे आहे तो पालक, आणि 2009 चा शिक्षण हक्क कायदा तर आई-वडील आणि पालक यांच्या व्याख्या वेगवेगळ्या देतो. ‘नैसर्गिक पालक’, म्हणजे नात्यामुळेच कायदा ज्याला पालक मानतो तो, ही निराळी गोष्ट. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असा क्रम आहे. हे ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर का? 1999 मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, त्याचा अर्थ ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यायचा. एका अव्ययावर आईचा हक्क अडला होता, हे विसरू नये.

सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ हेही याच कुळातलं. अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, 18 वर्षं पूर्ण न झालेला. तो सज्ञान झाला की अर्ज करून शेरा कमी करून घेता येतो.

घटस्फोटाच्या बातम्यांतला ‘मुलाचा ताबा’ मात्र मला नकोसा वाटतो. ताबा जमिनीचा, घराचा. मुलाच्या बाबतीत ‘सांभाळ’ हा शब्द तयार असताना तो का टाळावा?

तर ताई, पालकाच्या रकान्यात तुमचं नाव लिहा आणि पुढे ‘नाते: मावशी’ असं नोंदवा. वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असेल तर तिथे त्यांचं नाव येईल. भाचीच्या नावे जमीन असेल आणि तिचा व्यवहार करायचा असेल, तर मात्र एवढ्यावर भागणार नाही. त्यासाठी आधी वकिलांना विचारा.