मेनाश्शे बेन इस्राएल आणि मोझेस मेंडेल्सोन यांनी ज्यूंसाठी मागितलेली सहिष्णुता एकच होती का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे. मेनाश्शेने १६५५ मध्ये इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याकडे जे मागितलं आणि ज्यू तत्त्वज्ञ मेंडेल्सोनने १७८३ मध्ये बर्लिनमध्ये बसून जे लिहिलं, ते एकच का? आणि हा विचार ज्यू धर्मातूनच आला की युरोपातल्या प्रबोधनाकडून उसना घेतला?

मागणी एक नव्हती. मेनाश्शेला आपल्या लोकांसाठी राहण्याची, प्रार्थनेची आणि व्यापाराची मुभा हवी होती, आणि समाजाचा आतला कारभार समाजाच्याच हाती राहायला हवा होता. मेंडेल्सोन म्हणाला की श्रद्धेच्या बाबतीत सक्ती करण्याचा हक्क राज्यालाही नाही आणि राब्बींनाही, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनाही, नाही. या सव्वाशे वर्षांत काय बदललं ते नेमकं पाहायचं असेल तर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा: हेरेम, म्हणजे माणसाला वाळीत टाकण्याचा समाजाचा अधिकार.

सुरुवात मात्र व्हेनिसपासून करावी लागते, कारण मेनाश्शेचा आर्थिक युक्तिवाद बराचसा तिथून आला आहे. १६३६ मध्ये व्हेनिसमध्ये मोठी चोरी झाली, माल गेटोत, म्हणजे ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत, लपवल्याचं उघड झालं, त्यातून न्यायाधीशांना लाच दिल्याचं प्रकरण निघालं आणि सगळ्या ज्यूंना हाकलण्याची भाषा सुरू झाली. त्या पार्श्वभूमीवर राब्बी सिमोने लुत्सात्तोने १६३८ मध्ये इटालियनमध्ये 'डिस्कोर्सो' छापलं. त्यात १८ मुद्दे आहेत. त्याचं म्हणणं असं: परदेशी व्यापारी कमाई मायदेशी नेतो. स्थानिक व्यापारी श्रीमंत झाला की जमीनजुमला घेतो आणि धंदा सोडतो. ज्यूला मायदेशी राज्य नाही आणि इथे जमीन घ्यायची परवानगी नाही, म्हणून त्याचा पैसा व्हेनिसच्या व्यापारातच फिरत राहतो आणि जकात भरत राहतो.

अनेक जण याला निव्वळ मतलबी हिशेब म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. ज्या सरकारपुढे 'हक्क' म्हणून काही मांडताच येत नाही, तिथे आपल्यावर लादलेल्या बंधनांनाच पुरावा बनवणं ही मोठी कुशलता आहे. पण युक्तिवादात खोट आहेच. उपयोग संपला की संरक्षणाचं कारणही संपतं, आणि बंधनं उठली तर युक्तिवादाचा पायाच निघून जातो.

मेनाश्शे आम्स्टरडॅमचा राब्बी आणि तिथल्या पहिल्या हिब्रू छापखान्याचा संस्थापक. त्याच्या वडिलांनी पोर्तुगीज इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाचा, छळ सोसला होता. त्याच पोर्तुगीज व्यवस्थेचं न्यायपीठ १५६० पासून गोव्यातही होतं. सप्टेंबर १६५५ मध्ये तो लंडनला पोहोचला आणि क्रॉमवेलपुढे 'हंबल ॲड्रेसेस' ही पुस्तिका ठेवली. परक्या लोकांना जवळ करायला तीन कारणं पुरतात, असं तो म्हणतो: त्यांच्यापासून होणारा फायदा, त्यांची निष्ठा आणि त्यांचं कुलीनत्व. तिसऱ्यावर तो रेंगाळत नाही. पहिल्यात लुत्सात्तोची छाप ठळक आहे. ज्यू कुठे कुठे सुखाने राहतात हे दाखवताना तो कोचीनचाही दाखला देतो: तिथे चार सिनेगॉग (ज्यू प्रार्थनागृहं) आहेत, एक गोऱ्या ज्यूंचं आणि तीन सावळ्यांची, आणि राजाची त्यांच्यावर मर्जी आहे. निष्ठेसाठी तो राज्यकर्त्यासाठी सिनेगॉगमध्ये म्हटली जाणारी प्रार्थनाच पुढे करतो. तिचा आधार बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात आहे: ज्या नगरात तुम्हाला बंदी म्हणून नेलं, त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

या व्यवहारी मांडणीच्या तळाशी मसीहाची, म्हणजे येणाऱ्या मुक्तिदात्याची, आशा आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' (२८:६४) आणि 'दानीएल' (१२:७) या पुस्तकांतली वचनं एकत्र वाचून मेनाश्शे असं मानत होता की इस्राएल पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरला गेल्याशिवाय मुक्ती येणार नाही. 'इस्राएलची आशा' हे १६५० चं पुस्तक याच विचारावर उभं आहे, आणि इंग्लंड हा त्या विखुरण्यातला उरलेला तुकडा होता. इंग्लंडमधले अनेक प्युरिटनही (कडवे प्रोटेस्टंट) ज्यूंची वाट पाहत होते, पण ते ख्रिस्ती होतील या आशेने. दोघांचा रस्ता थोडा वेळ एक होता, मुक्काम वेगळे होते. हे लक्षात घेतलं नाही तर त्या काळचा इंग्रज पाठिंबा सरसकट उदारपणा वाटू लागतो.

आता हेरेमकडे. मेनाश्शेच्या मागण्यांमध्ये संरक्षण, सिनेगॉग, दफनभूमी, खुला व्यापार या गोष्टी आहेत, आणि आपसांतले तंटे मोशेच्या नियमशास्त्रानुसार समाजाच्या प्रमुखांनी सोडवावेत, वर दिवाणी कायद्याकडे दाद मागता यावी, हीसुद्धा आहे. म्हणजे तो समाजासाठी जागा मागतो. समाजातल्या एकट्या माणसाच्या मतस्वातंत्र्याचा विचार त्यात नाही. आणि आम्स्टरडॅमच्या समाजप्रमुखांचा हात किती कडक होता हे त्याला ठाऊक होतं: १६४० मध्ये त्याच्यावरच एका दिवसाचा हेरेम लागला होता. तो लंडनमध्ये असतानाच, २७ जुलै १६५६ रोजी, त्याच आम्स्टरडॅमच्या समाजाने पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या स्पिनोझाला कायमचं बाहेर काढलं.

'क्रॉमवेलने १६५६ मध्ये ज्यूंना परत येण्याचा कायदा केला' असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. असा कायदा झाला नाही. डिसेंबर १६५५ च्या व्हाइटहॉल परिषदेत कायदेपंडितांनी सांगितलं की ज्यूंच्या येण्याला मनाई करणारा कायदा नाही, कारण १२९० मधली इंग्लंडमधून ज्यूंची हकालपट्टी राजाच्या अधिकारातली होती. पण धर्मगुरू आणि व्यापारी अडून बसले, विल्यम प्रिनने विरोधात पुस्तिका काढली, आणि क्रॉमवेलने निर्णय न घेताच परिषद गुंडाळली. पुढे मार्च १६५६ मध्ये लंडनच्या ज्यूंनी घरात प्रार्थना आणि दफनासाठी जागा एवढंच मागितलं, आणि ते हळूहळू प्रत्यक्षात आलं. मेनाश्शेने त्याच वर्षी 'व्हिंडिकिए युडेओरम' लिहून रक्ताच्या आरोपाला, म्हणजे ज्यू विधींसाठी ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात या आरोपाला, शपथेवर उत्तर दिलं. १६५७ मध्ये मुलाचा मृतदेह घेऊन परतताना मिडेलबर्गला त्याचा अंत झाला. आपण हरलो, अशीच त्याची समजूत होती.

हीच 'व्हिंडिकिए' १७८२ मध्ये जर्मनमध्ये आली आणि तिला मेंडेल्सोनने प्रस्तावना लिहिली. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर हाच. आदल्या वर्षी डोम या प्रशियन अधिकाऱ्याने ज्यूंना नागरी हक्क द्यावेत असं पुस्तक लिहिलं होतं, पण समाजाकडे हेरेमचा अधिकार राहू द्यावा असं त्यात होतं. मेंडेल्सोनने नेमकं तेच नाकारलं. धर्म समजावतो आणि पटवून देतो. ज्याला शंका आहे त्याच्यासाठी प्रार्थनागृहाचं दार बंद केलं तर त्याला समजावणार कुठे? आणि आपल्या राब्बींना त्याने कळकळीने विनवलं की इतरांनी आपल्याला सहन करावं असं वाटत असेल तर आधी एकमेकांना सहन करायला शिका.

यावर क्रान्ट्स नावाच्या लेखकाने नाव न देता पुस्तिका काढली. प्रश्न चांगलाच बोचरा होता: मोशेच्या नियमशास्त्रात शब्बाथ (आठवड्यातला पवित्र विश्रांतीचा दिवस) मोडणाऱ्याला दगडांनी मारण्याची शिक्षा आहे. सक्ती काढून टाकलीत तर तुमच्या धर्मात उरतं काय? मेंडेल्सोनचं 'येरुशलेम' (१७८३) हे पुस्तक म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या भागात राज्य आणि धर्म यांच्या सीमा आहेत: राज्य कृती करायला भाग पाडू शकतं, मत बदलायला नाही, धर्म दोन्हीपैकी कशाचीही सक्ती करू शकत नाही. दुसऱ्या भागात खरी कसोटी आहे. ईश्वर, आत्मा यांसारखी शाश्वत सत्यं बुद्धीने सगळ्या मानवांना कळतात. सिनाय पर्वतावर इस्राएलला मिळाले ते आचाराचे नियम, श्रद्धेचे हुकूम नव्हेत. प्राचीन राज्यात ईश्वरच राजा होता, म्हणून शब्बाथ मोडणं हा राज्याविरुद्धचा गुन्हा होता आणि शिक्षा त्याची होती, चुकीच्या मताची नव्हे. मंदिर पडलं, राज्य गेलं, शिक्षाही गेल्या. स्पिनोझानेही राज्य गेल्याचं सांगून विधींचं बंधनच संपलं असं म्हटलं होतं. मेंडेल्सोन फक्त दंडाचं बंधन संपवतो आणि पाळण्याचं कायम ठेवतो. म्हणून त्याने ज्यू धर्माचा निव्वळ बुद्धिवाद केला हा आक्षेप चुकीचा आहे. शेवटी तर तो स्पष्ट सांगतो की नियमशास्त्र सोडणं हीच नागरी हक्काची किंमत असेल तर आम्ही त्या हक्कावर पाणी सोडू.

उसनं की स्वतःचं? हॉब्ज आणि लॉक हे इंग्रज तत्त्वज्ञ मेंडेल्सोनच्या समोर आहेतच, आणि लॉकशी तो वादही घालतो. पण परधर्मीयाबद्दलचा पाया जुनाच आहे. नोहाचे सात नियम, म्हणजे सगळ्या मानवांसाठी सांगितलेले मूलभूत नियम, पाळणाऱ्या कोणत्याही माणसाला परलोकात वाटा आहे, असं राब्बी परंपरा मानते. मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिदेसने मात्र अट घातली होती की ते नियम तोरात (मोशेच्या नियमशास्त्रात) सांगितले आहेत म्हणून पाळावेत, केवळ बुद्धीला पटतात म्हणून नव्हे. मेंडेल्सोनला ही अट सलत होती. १७७३ मध्ये त्याने राब्बी याकोब एम्डेनला पत्राने विचारलं आणि एम्डेनने मैमोनिदेसचीच बाजू घेतली. व्हिल्नाहून १६५५ मध्ये पळून आम्स्टरडॅमला आलेल्या राब्बी मोशे रिव्हकेसनेही लिहून ठेवलं होतं की आपण ज्यांच्यात राहतो ती राष्ट्रं सृष्टीच्या निर्मात्याला मानतात, त्यांच्या भल्यासाठी आपण प्रार्थना करायला हवी. प्रबोधनाशी त्याचा काही संबंध नव्हता.

वाचायला बसणार असाल तर मेंडेल्सोनची १७८२ ची प्रस्तावना आधी घ्या, मग 'हंबल ॲड्रेसेस', मग 'येरुशलेम'चा दुसरा भाग, आणि पहिला भाग सर्वांत शेवटी. पहिल्या भागातली करारांची आणि हक्कांची चर्चा रुक्ष आहे. तिथून सुरुवात करणारे पुष्कळ जण क्रान्ट्सच्या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत.