पोटाची सोनोग्राफी नॉर्मल असताना डायफ्रामसाठी पुन्हा सोनोग्राफी कशाला?

तुमच्या वडिलांच्या एक्स-रेत उजवा डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू, वर सरकलेला दिसतोय, डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितलीय, आणि तुमचं म्हणणं असं की दोन महिन्यांपूर्वीच पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली, मग पुन्हा पैसे का घालवायचे. पुन्हा करा. अशाच एका नॉर्मल कागदापायी आमच्या घरात आठ महिने फुकट गेले, म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेत आयसीयूत सिस्टर आहे, अठरा वर्षं झाली. माहेर सांगलीचं. आमचे आण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि वयाच्या ६६ व्या वर्षीही रोज पहाटे कृष्णेत पोहायचे. एका जानेवारीत त्यांचा उजवा खांदा असा दुखायला लागला की दोन आठवडे रात्रभर घरात येरझाऱ्या. मग खांदा आपोआप थांबला आणि श्वासाचं सुरू झालं. उताणं झोपलं की धाप, चपलेचा पट्टा लावायला वाकलं की धाप. शेवटी शेवटी तर घाटावरून छातीभर पाण्यात उतरले की दम कोंडायचा आणि मागं फिरून पायरीवर बसून राहायचे. ज्या माणसानं आम्हा दोघा भावंडांना त्याच पाण्यात पोहायला शिकवलं, तो ओल्या पंचानं तोंड पुसत गप्प बसलेला मी पाहिलाय.

सगळ्यांनी दोष हळदीच्या धुळीला दिला. दमा म्हणून पंप सुरू झाला. ईसीजी, टू-डी एको ठीक आले. मी म्हणत होते, डायफ्राम बघा. दादानं सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढं केला, "लिव्हर, पित्ताशय, किडनी, सगळं नॉर्मल लिहिलंय. तू सिस्टर आहेस, डॉक्टर नाहीस."

ती सोनोग्राफी पित्ताच्या खड्यासाठी काढलेली होती. तिथं पेशंटला काय सांगतात? "श्वास घ्या, धरून ठेवा." म्हणजे जे बघायचं तेच थांबवायचं. डायफ्राम लिव्हरच्या डोक्यावरच बसलेला असतो, पडद्यावर पांढरी चकचकीत कमान दिसते. पण ती कमान हलते का, हे त्या दिवशी कुणी बघितलंच नव्हतं.

आठ महिन्यांनी एका छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी खांदा दुखला होता का?" मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेच्या मुळांपासून निघणारी फ्रेनिक नस डायफ्रामला चालवते, आणि खांद्याकडच्या नसांना सूज आली तर कधीकधी तीही त्या सुजेत सापडते. त्यांनी आण्णांना उताणं झोपवलं, बनियन वर सरकवलं आणि प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा दांडा, उजव्या बरगड्यांच्या खाली टेकवून वरच्या दिशेनं वळवला. एम-मोड लावला की एकाच रेषेवरची हालचाल लाटेसारखी सरकत जाते. श्वास आत घेताना लाट वर चढायला हवी. साध्या श्वासाला साधारण १ ते २ सेंटीमीटर, खोल श्वासाला ५ ते ७, बायकांत थोडी कमी. आण्णांची रेघ जवळजवळ सपाट होती. मग डॉक्टर म्हणाले, नाकानं झटकन ओढा. आण्णांना जमेना. मी म्हटलं, "आण्णा, तपकीर ओढता तसं." त्यांनी ओढलं, आणि लाट वर जायच्या ऐवजी खाली गेली. स्नायू लुळा पडला की असंच होतं. दुसरी बाजू ओढते आणि ही उलटी छातीत शोषली जाते.

मग दुसरा, उथळ बघणारा प्रोब काखेच्या रेषेत आठव्या-नवव्या बरगडीमध्ये ठेवला. तिथं दोन पांढऱ्या रेघांमध्ये काळपट पट्टी दिसते, तो डायफ्रामचा स्नायू. श्वास सोडल्यावर किती जाड, पूर्ण आत घेतल्यावर किती, आणि ही वाढ मूळ जाडीच्या किती टक्के, हे काढतात. २० टक्क्यांच्या आत असेल तर स्नायू काम करत नाही असं धरतात. व्हेंटिलेटर काढायचा का, हे ठरवताना आमच्याकडंही हेच बघतात, कारण मशीन श्वास देत राहिलं की हा स्नायू काही दिवसांतच बारीक होऊ लागतो.

माझं मत स्पष्ट आहे. नुसतं 'डायफ्राम नॉर्मल' लिहिलेला रिपोर्ट घरी आणू नका. दोन्ही बाजूंचे आकडे हवेत, आणि झोपवून बघितलं की बसवून, तेही. बसलेल्या माणसाला पोटाचे स्नायू मदत करतात आणि दुखणं झाकलं जातं, म्हणून झोपवूनच. मी काउंटरवरून परत आत जाऊन सेंटीमीटर लिहून घेतले होते. तो कागद दादासमोर ठेवला तेव्हा तो काही बोलला नाही, आण्णांची उशी उंच करून आला.

डावी बाजू मोजायला कठीण जाते. तिथं लिव्हर नसतं, प्लीहा लहान आणि जठरातला गॅस आड येतो. म्हणून हे रोज करणारा माणूस शोधा. मशीन घरी आणून करतो म्हणणाऱ्याला मात्र नको म्हणा, पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्यात ते बसत नाही.

आणि एक राहिलंच. सोनोग्राफी हालचाल दाखवते, कारण दाखवत नाही. छातीतली गाठ त्या नसेवर दाबत असू शकते, त्यामुळं सीटी टाळू नका. दोन्ही बाजू कमजोर निघाल्या तर मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडं जायला उशीर नको. आण्णांचा सीटी स्वच्छ होता, तरी नस जागी व्हायला दीड वर्ष गेलं. परवाच्या तपासणीत उजवीकडं खोल श्वासाला ३.४ सेंटीमीटर आले. पाण्यात सध्या कमरेपर्यंतच उतरतात, दादा सोबत असतो.