इंजिनाचा माग काढायचाय? आधी नंबर नीट वाचा

जॅग्वार ई-टाइप या जुन्या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन हाती लागलं, अभिनंदन! पण सुट्ट्या भागांसाठी इतक्यात नाना पेठ गाठू नका. आधी नंबर.

जॅग्वारच्या या इंजिनात तो ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो, आणि सिलिंडर हेडवरही. दोन्ही जुळतात का पाहा. जागा रॉकेल आणि मऊ ब्रशनेच साफ करा. मी पहिल्या इंजिनावर पॉलिश पेपर चालवला आणि शेवटचे दोन आकडे कायमचे गेले. अजून हळहळ वाटते. मग आरटीओसाठी चासी नंबरची घेतात तशी पेन्सिल घासून सेलोटेपवर छाप घ्या.

‘आर’ने सुरू होणारा नंबर 3.8 लिटरचा. ‘7ई’ म्हणजे 1964 मध्ये आलेलं 4.2. शेवटी डॅशनंतर 8 किंवा 9 असेल तर तो कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ओतकामातला उठावाचा नंबर इंजिनाचा समजतात. तो असंख्य ब्लॉकवर सारखाच असतो.
- आरसी बुकावर भिस्त ठेवतात. आपल्याकडे इंजिनं सर्रास बदलली गेलीत, नोंदही नंतरची असू शकते.

गाडीचा चासी नंबर मिळाला, तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मागवा. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून इंजिन, गिअरबॉक्सचे नंबर आणि बांधणीची तारीख त्यात येते.

कॅमशाफ्ट-कार्ब्युरेटरचे बारकावे नंतर बघू. छापेचा फोटो पाठवा, मिळून वाचू.