जमा-नावेचे प्रश्न : बी.कॉम., सी.ए. आणि गोव्यातली हिशेबाची नोकरी

मुलगी यंदा बारावी कॉमर्स चांगल्या गुणांनी पास झाली. तिला सी.ए. व्हायचे आहे. बी.कॉम.ला प्रवेश घेऊन सोबतच फाउंडेशन (सी.ए.ची पहिली परीक्षा) द्यावे, की आधी पदवी घ्यावी? घरात या क्षेत्रातले कोणी नाही.
— एक पालक, सत्तरी

दोन्ही वाटा खुल्या आहेत. कॉमर्सची पदवी 55 टक्क्यांनी मिळवली तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला (दुसऱ्या टप्प्याला) नोंदणी होते. तरीही मुलीची इच्छा पक्की असेल, तर फाउंडेशन आताच द्यावे असे आमचे मत आहे. चार पेपर, प्रत्येकी 100 गुण. अकाउंटिंग आणि बिझनेस लॉज हे लेखी; क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड आणि बिझनेस इकॉनॉमिक्स हे पर्यायी उत्तरांचे, आणि त्यांत प्रत्येक चुकीला पाव गुण कापला जातो. प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के हवेत. मुले बहुधा अडकतात ती या 50 टक्क्यांत : चारही विषयांत बेचाळीस-चव्वेचाळीस गुण पडले, तर एकाही विषयात नापास नसूनही निकाल नापासच.

नोंदणी आणि परीक्षा यांत चार महिने जावे लागतात. जूनमध्ये नोंदणी केली तर सप्टेंबरची परीक्षा हातातून जाते, जानेवारीची मिळते. इंटरमीजिएटसाठी हीच अट आठ महिन्यांची आहे.

खरी ओढाताण आर्टिकलशिपपासून, म्हणजे सी.ए.च्या हाताखालच्या प्रशिक्षणापासून, सुरू होते. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप (विषयगट) सुटले आणि चार आठवड्यांचे संगणक व ओरिएंटेशनचे प्रशिक्षण झाले की दोन वर्षे सी.ए.च्या कार्यालयात काम करावे लागते. वर्षाला 12 रजा. नव्या पद्धतीत ही दोन वर्षे पुरी झाल्यावर आणखी सहा महिन्यांनी फायनलला बसता येते. मुलगी पहिल्याच प्रयत्नांत पास होत गेली, तर ही आर्टिकलशिप नेमकी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षावर येऊन आदळते. पदवीचा अभ्यास चालू ठेवायला फॉर्म 112 भरून परवानगी घ्यावी लागते आणि कॉलेजचे तास कार्यालयाच्या वेळेत येऊन चालत नाहीत. इकडे कॉलेजला हजेरी हवी असते. सत्तरीतून सकाळी कॉलेज आणि दुपारी पणजी किंवा म्हापशाचे कार्यालय हे बसच्या प्रवासात बसवणे फार अवघड. त्यापेक्षा इंटरमीजिएट होऊ द्या, तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपू द्या, मगच आर्टिकलशिप सुरू करा. काही महिने मागे पडतील, पण दोन्हीकडची फरपट टळेल. गोवा विद्यापीठाच्या नव्या रचनेत चौथे वर्ष ऑनर्सचे आहे, सी.ए.साठी त्याची गरज नाही, तीन वर्षांची पदवी पुरते.

एस.वाय.बी.कॉम.ला आहे. थिअरी येते, पण अंतिम लेख्यांच्या गणितात ताळेबंद कधीच जुळत नाही. सगळे पुन्हा तपासण्यात वेळ जातो आणि पुढचे प्रश्न राहतात.
— एक विद्यार्थिनी, डिचोली

सगळे पुन्हा तपासू नका. फरकाचा आकडाच चूक कुठे आहे ते पुष्कळदा सांगतो.

आधी दोन्ही बाजूंची बेरीज खालून वर करा. तरी फरक उरला, तर तो आकडा जसाच्या तसा प्रश्नात शोधा. सापडला तर ती रक्कम एका बाजूला लिहायची राहिली आहे. नाही सापडला तर निम्मा करा. फरक 3,700 असेल तर 1,850 ची रक्कम शोधा, ती नावेऐवजी जमेला गेलेली असते. तेही नसेल तर 9 ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर आकडे उलटे पडल्याचा संशय घ्या : 5,640 च्या जागी 6,540 लिहिले की फरक 900 येतो. 900 भागिले 9 म्हणजे 100, म्हणून हजार आणि शतक या दोन स्थानांवर नजर टाका, आणि तिथे एकाच्या अंतराचे आकडे असलेली रक्कम पकडा.

तेरीज (ट्रायल बॅलन्स) प्रश्नातच जुळवून दिलेली असते आणि तरीही ताळेबंद जुळत नाही, तेव्हा चूक जवळजवळ नेहमी समायोजनांत, म्हणजे तेरजेखालच्या सूचनांत, असते. नियम एकच, पण तो हाडीमांसी मुरला पाहिजे : तेरजेत असलेली रक्कम एकदाच दाखवायची, तेरजेखाली दिलेली सूचना दोनदा. अखेरचा साठा खाली दिला असेल तर तो व्यापार खात्याच्या जमेला आणि ताळेबंदात संपत्तीला. तोच साठा तेरजेच्या आत असेल तर तो खरेदीतून आधीच वजा झालेला आहे, मग फक्त ताळेबंदात. हुशार मुलेही इथे फसतात, कारण सवयीने हात दोन्हीकडे जातो.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे बुडीत कर्जे. ऋणको (आपले देणे लागणारे) 85,000, आणखी 5,000 बुडीत खाती टाका आणि 5 टक्के तरतूद करा, असे म्हटले असेल तर तरतूद 80,000 वर, म्हणजे 4,000. जी 85,000 वर 4,250 काढते तिचा ताळेबंद जुळूनही उत्तर चुकते, आणि अशी चूक शोधायला जुळणीचा काहीच उपयोग नसतो. विमा 1 ऑक्टोबरला वर्षभराचा 12,000 भरला आणि वर्ष 31 मार्चला संपते, तर 6,000 पूर्वदत्त, म्हणजे पुढच्या वर्षाचे आधीच भरलेले. महिने बोटांवर मोजा, अंदाजाने लिहू नका.

सोडवताना प्रत्येक समायोजनाच्या समोर पेन्सिलने दोन खुणा करायच्या : पहिली पहिल्या परिणामाला, दुसरी दुसऱ्याला. शेवटी ज्या सूचनेसमोर एकच खूण दिसते, तिथेच ताळेबंद अडलेला असतो. परीक्षेत हा शोध पाच मिनिटांत संपवा. नाही सापडले तर सोडून पुढे जा. कार्यटिपा (उत्तराखालची आकडेमोड) नीट मांडल्या असतील तर गुण त्यांना मिळतात.

बी.कॉम. झालो आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्सही केला. कळंगुटच्या एका हॉटेलात लेखा सहायकाची मुलाखत आहे. काय विचारतील?
— एक वाचक, बार्देश

टॅलीत नोंद कुठे करायची हे आठवडाभरात कोणीही शिकवेल. नोंद कोणती करायची हे ज्याला कळते त्याला घेतात, म्हणून तयारी त्याची करा.

समजा ग्राहकाने कार्डावर 10,000 रुपये दिले आणि बँकेचे कमिशन 1.80 टक्के आहे. कमिशन 180, त्यावर 18 टक्के जी.एस.टी. 32.40, खात्यात जमा 9,787.60. नवखा माणूस विक्री 9,787.60 लिहून मोकळा होतो. विक्री 10,000 चीच आहे. कमिशन हा खर्च आहे. उरलेल्या 32.40 चे इनपुट क्रेडिट (भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सवलत) मिळते की नाही हे हॉटेल कोणत्या दराने कर लावते यावर ठरते; न मिळाल्यास ते 32.40 ही खर्चातच.

आता खोल्यांचा दर. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर, पण इनपुट क्रेडिट नाही. त्यावरच्या खोलीवर 18 टक्के, क्रेडिटसह. मर्यादा प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर मोजतात. त्यामुळे जूनच्या पावसात 4,000 ला दिलेली खोली 5 टक्क्यांत बसते आणि तीच खोली नाताळच्या आठवड्यात 9,000 ला गेली की 18 टक्क्यांत जाते. एकाच वर्षात दोन्ही प्रकारची विक्री झाली की सामायिक खर्चावरचे क्रेडिट विक्रीच्या प्रमाणात विभागावे लागते. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत सर्वाधिक घोळ याच विभागणीत होतो. मुलाखतीत हे स्वतःहून मांडलेत तर समोरच्याला पटेल की तुम्ही कामाचे आहात.

पुण्याची कंपनी कर्मचाऱ्याला पाठवते आणि बिलावर आय.जी.एस.टी. (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) मागते, हाही रोजचा प्रसंग. खोलीच्या बाबतीत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे ते. म्हणून बिलावर केंद्र आणि गोवा राज्य यांचाच कर लागतो, आणि गोव्यात नोंदणी नसलेल्या कंपनीला त्याचे क्रेडिट मिळत नाही. जी.एस.टी. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे : गोवा 30, महाराष्ट्र 27, कर्नाटक 29. त्यापुढची दहा अक्षरे पॅनची. पुरवठादाराचे बिल हातात आले की आधी हे बारा तपासायची सवय लावा.

तारखाही तोंडपाठ हव्यात. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जी.एस.टी.आर.-1 (विक्रीचे विवरण) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला, 2-बी (पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणारी क्रेडिटची यादी) 14 ला तयार होते, 3-बी (कर भरण्याचे विवरण) 20 ला. खरेदीची वही 2-बीशी ताडून पाहायला मधले सहाच दिवस मिळतात. बिल आपल्याकडे आहे पण 2-बीत नाही, अशा पुरवठादाराला 15 तारखेलाच फोन गेला पाहिजे. टी.डी.एस. (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) 7 तारखेला भरायचा. मार्चचा मात्र 30 एप्रिलपर्यंत.

मडगावच्या एका कार्यालयात आर्टिकलशिप करतो. पोर्तुगीज नागरी संहितेचे (गोव्यातल्या लग्न-मालमत्तेच्या कायद्याचे) आयकरातले कलम पुस्तकात दोन ओळींत उरकले आहे. कार्यालयात मात्र जवळपास प्रत्येक फाइलीत ते येते.
— एक प्रशिक्षणार्थी, सासष्टी

1961 च्या आयकर कायद्यात ते कलम 5-ए. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू होतो, तेव्हा जुनी आणि नवी फाइल हाताळताना कलमाचा क्रमांक तपासून घ्या. गाभा असा : सामायिक मालमत्तेच्या पद्धतीखाली असलेल्या पती-पत्नींचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे विभागले जाते आणि प्रत्येकाच्या विवरणात वेगळे दाखवले जाते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर हीच पद्धत लागू असते, म्हणून नव्या अशिलाकडे लग्नाचे कागद मागावेत.

विभागणी ठोक रकमेची नाही, त्या शीर्षाखालच्या निव्वळ उत्पन्नाची. पतीच्या नावावरच्या घराचे भाडे वर्षाला 3,60,000, घरपट्टी 10,000 भरली. उरले 3,50,000, त्यातून 30 टक्के म्हणजे 1,05,000 वजा, निव्वळ 2,45,000. प्रत्येकाकडे 1,22,500. पतीचा 9 लाखांचा पगार मात्र त्याच्याच विवरणात पूर्ण राहतो.

गफलत टी.डी.एस.मध्ये होते. पतीच्या ठेवीवर 80,000 व्याज आणि 8,000 कपात असेल, तर बँक ती पतीच्या पॅनवर दाखवते. व्याज 40,000 प्रत्येकी विभागले की कपातही 4,000 प्रत्येकी विभागली पाहिजे. विवरणातल्या 5-ए अनुसूचीत त्यासाठी रकाने आहेत. तिथे जोडीदाराचे नाव, पॅन आणि विभागलेले आकडे भरायचे. पतीने व्याज निम्मे दाखवून कपात पूर्ण घेतली की विसंगतीची नोटीस ठरलेलीच. पत्नीचे दुसरे उत्पन्न नसले तरी तिचे विवरण भरा, नाहीतर तिच्या वाट्याचा परतावा अडकून राहतो. दोन्ही विवरणे एकाच बैठकीत, एकाच तक्त्यावरून तयार करा.

सी.ए. जमणार नाही असे वाटते. सरकारी लेखा विभागात संधी असते का?
— एक वाचक, काणकोण

असते. राज्याच्या लेखा संचालनालयातली आणि खात्यांतली लेखापालाची पदे भरली जातात तेव्हा जाहिरात नीट वाचा. गोव्यातल्या सरकारी पदांसाठी साधारणपणे 15 वर्षांचा निवासी दाखला लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानतात. दाखला जाहिरात येण्याची वाट न बघता काढून ठेवा. खासगी कारखान्यात जायचे असेल तर सी.एम.ए.चा (कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाचा) विचार करा. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत उत्पादनखर्च काढणारी माणसे लागतात, आणि त्या अभ्यासक्रमाचा भर त्यावरच आहे.

सी.ए.च्या परीक्षेला कोणता कॅल्क्युलेटर चालतो?
— एक विद्यार्थी, फोंडा

साधा, बॅटरीवरचा : जास्तीत जास्त सहा फंक्शन, बारा आकडे, दोन मेमरी. सायंटिफिक चालत नाही. नवा घेतलात तर परीक्षेच्या दोन महिने आधी घ्या आणि मेमरीची बटणे हाताला वळवून घ्या. नग गुणिले दर काढून प्रत्येक ओळ एम-प्लसमध्ये टाकत गेलात, तर शेवटी एम-आर दाबून बेरीज थेट मिळते, मधले आकडे पुन्हा टंकावे लागत नाहीत. नवे गणित सुरू करण्याआधी एम-सी दाबायचे. राहिले तर मागच्या प्रश्नाची रक्कम पुढच्या उत्तरात शिरते आणि ती चूक कागदावर कुठेच दिसत नाही.