प्रार्थना करतो, तरी स्वभाव तसाच राहिला आहे

"विश्वासात इतकी वर्षे काढली, तरी माझा स्वभाव बदलत नाही, मग माझा विश्वासच खोटा आहे का?" मंडळीतील समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा मनापासून प्रार्थना करणारीच असतात. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, एका कारखान्यात स्टोअरकीपर. घरात पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि वृद्ध आई. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती घर. पहाटे वचनवाचन, रात्री कुटुंबप्रार्थना, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. आईची स्मृती दोन वर्षांपासून क्षीण होत चालली होती, आणि संध्याकाळ झाली की ती विचारी, "तुझे बाबा अजून कसे आले नाहीत?" वडील जाऊन सहा वर्षे झाली होती. पहिल्या दोन-तीन वेळा ते शांतपणे सांगत, मग आवाज चढे. एकदा तर त्यांनी समोरचे ताट ढकलून "किती वेळा सांगू, बाबा गेले!" असे ओरडून सांगितले, आणि आई ती बातमी पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखी हुंदके देऊन रडू लागली. त्या रात्री गुडघे टेकून त्यांनी देवाची क्षमा मागितली, दुसऱ्या दिवशी उपवास केला, पुन्हा असे होणार नाही असे वचन प्रभूला दिले, आणि चौथ्या दिवशी ते मोडले.

"पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला," ते मला म्हणाले, "पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले. ताई, माझेही तसेच असेल का?"

त्यांची भीती खरी होती, म्हणून मी तिला घाईने पुसून टाकले नाही. मात्र रमाबाईंच्या साक्षीतील पुढचा भाग त्यांच्या ध्यानात आणून दिला. तारण, म्हणजे पापापासून सुटका, स्वतःच्या पात्रतेने कमवायचे नसून ते देवाने फुकट देऊ केलेले आहे, हे रमाबाईंना त्या वेळी कळले. आणि 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना घेऊन येण्याचे कष्ट त्यांनी उपसले ते त्या कळण्यानंतर. हे गृहस्थ नेमका उलटा क्रम धरून चालले होते. प्रत्येक उपवास आणि प्रत्येक वचन म्हणजे कालच्या अपराधाची फेड होती, आणि फेड करणाऱ्याचे लक्ष साहजिकच स्वतःच्या हिशोबावर राहते, समोर बसलेल्या आईवर राहत नाही.

मी विचारले, "देवाची क्षमा मागितलीत, आईची मागितलीत का?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिला तर दहा मिनिटांत विसर पडतो. मागून काय उपयोग?"

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. यांचा उपवास वेदीपर्यंत पोहोचत होता, पण आईच्या खाटेपर्यंतची सात पावले त्यांनी कधी टाकली नव्हती. शिवाय आईला विसर पडत असला, तरी भिंतीपलीकडे अभ्यास करणाऱ्या मुलीला सगळे आठवत होते. हे ऐकल्यावर त्यांचे डोळे भरून आले.

दुसरी अडचण त्यांनी पुढच्या भेटीत सांगितली, आणि ती मला फार मोलाची वाटते. आईला "बाबा येतील" असे सांगून शांत करावे, असे पत्नी सुचवीत होती. पण खोटे बोलणे म्हणजे आज्ञाभंग, म्हणून ते प्रत्येक वेळी खरे तेच सांगत होते. त्यांच्या या निष्ठेचा मला आदर वाटला. परंतु प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सत्याबरोबर प्रीती धरायला सांगतो, आणि शोकाची तीच बातमी रोज नव्याने ऐकवण्यात प्रीती उरत नाही. खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. "बाबांची आठवण येते का, आई? बाबा कारखान्यातून आले की तू त्यांना काय करून द्यायचीस?" एवढे विचारले, तरी तिला सोबत मिळते आणि सत्यालाही बाध येत नाही. त्याच भेटीत मी त्यांना स्मृतिभ्रंशावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आईला नेण्याचा आग्रह केला. अशा रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, हे ठाऊक नसल्यामुळे आई मुद्दाम छळते असे त्यांना मनात कुठेतरी वाटत होते.

भडका बहुधा साडेसहाच्या सुमारास, शिफ्टवरून उपाशी घरी आल्यावर उडे. म्हणून दिवसाचे मोठे वचन देणे बंद करून, दारात बूट काढतानाच्या एका मिनिटाची प्रार्थना आम्ही ठरवली. गलतीकरांच्या पत्रातील आत्म्याच्या फळांत 'विश्वासूपणा' असा शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये विश्वास आणि विश्वासूपणा या दोहोंसाठी एकच शब्द येतो, हे मी त्यांना सांगितले. विश्वास आत आहे की नाही, हे तपासत बसण्यापेक्षा त्या उंबरठ्यावर त्याच्या आधाराने पुढचे एक पाऊल टाकणे त्यांना जमण्यासारखे होते.

आठ महिने झाले. अजूनही ते दीड-दोन महिन्यांनी भेटतात. मागच्या खेपेस म्हणाले, की या अवधीत दोनदा आवाज चढला, आणि दोन्ही वेळा रात्री झोपण्यापूर्वी आईजवळ बसून त्यांनी क्षमा मागितली. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, "कशाबद्दल रे?" त्यांनी काय घडले ते तिला सांगितले. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.