पोलिसांची आयटी खरेदी: टेंडरपासून बंद कॅमेऱ्यापर्यंत, तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या लेखानंतर बरेच मेसेज आले, त्यातले पाच प्रश्न घेतोय. बाकीचे बहुतेक "अमुक टेंडर मॅनेज आहे का" टाइपचे होते, त्यात मी पडत नाही.

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावी चौकाचौकात कॅमेरे लागले, थाटात उद्घाटन झालं, आता निम्मे बंद आहेत. पोलीस म्हणतात नगरपालिकेला विचारा, नगरपालिका म्हणते पोलिसांना. नक्की जबाबदार कोण?

हे सगळीकडे असंच चालतं. छोट्या गावात कॅमेऱ्याचे पैसे बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतात, म्हणजे वस्तू घ्यायला पैसे असतात, चालवायला नसतात. तुम्ही एकदा त्या खांबापाशी जाऊन खालचा डबा उघडून बघा (म्हणजे उघडू नका, उघडतील तेव्हा बघा). आत एक छोटा युपीएस, एक स्विच आणि फायबरची जोडणी असते. कॅमेरा स्वतः सहसा ठणठणीत असतो, युपीएसची बॅटरी गेलेली असते, नाहीतर रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडलेली असते, नाहीतर महावितरणचं बिल थकलेलं असतं. यातली एकही गोष्ट कॅमेऱ्याच्या वॉरंटीत येत नाही, त्यामुळे वेंडर हात वर करतो आणि त्याचंही कागदावर बरोबरच असतं!

माहिती अधिकारात तीन कागद मागा: हस्तांतरणाचं पत्र, देखभालीचा करार, आणि वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते. जबाबदार कोण हे तिसऱ्या कागदावरच कळतं बहुतेक वेळा.

मुंबईचं उदाहरण बघा, 26/11 नंतर राम प्रधान समितीने कॅमेऱ्यांची शिफारस केली, टेंडर बरेचदा फसलं, शेवटी 2015 मधे एल अँड टी ला साधारण 950 कोटींचं काम गेलं आणि 2016 च्या ऑक्टोबरमधे यंत्रणा सुरू झाली. उशीर झाला, शिव्याही बसल्या, पण कॅमेरे, नेटवर्क, कंट्रोल रूम आणि पुढची देखभाल हे एकाच कामात बांधलेलं होतं. तालुक्याला नेमकं तेच करत नाहीत, कॅमेरा एकाचा, केबल दुसऱ्याची आणि इंटरनेट तिसऱ्याचं.

प्रश्न: माझी छोटी फर्म आहे, उद्यम रजिस्ट्रेशन आहे. जेमवर (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल) पोलिसांच्या बिडमधे अनामत रक्कम माफ असते असं ऐकलं, तरी मला टेक्निकल छाननीतच बाद केलं. का?

बहुतेक तुमचं उद्यम ट्रेडर म्हणून आहे. सवलत उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही, आणि हे बिड उघडेपर्यंत कोणी सांगत नाही. दुसरं, माल बनवणाऱ्या कंपनीचं ऑथोरायझेशन लेटर बिड नंबरसकट लागतं, जुनं जनरल लेटर जोडलं की गेलं. सीसीटीव्हीचं असेल तर एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्याला केंद्राच्या सुरक्षा चाचणीचं सर्टिफिकेटही लागतं, स्वस्तातले बरेच मॉडेल त्यातच उडाले. सुरुवातीला थेट बिड भरण्यापेक्षा मोठ्या इंटिग्रेटरकडे (उपकरणं, नेटवर्क, सॉफ्टवेअर सगळं जोडून देणारी कंपनी) जिल्ह्याचं देखभालीचं काम घ्या, पैसे उशिरा मिळतील पण अनुभवाचा दाखला मिळेल.

प्रश्न: मी पोलीस ठाण्यात अंमलदार आहे. झडतीचं शूटिंग स्वतःच्या मोबाईलवर करायला लावतात. सरकारी फोन का घेत नाहीत?

तुमचा राग रास्त आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंच आहे, शक्यतो मोबाईलवर असं कायद्यातच लिहिलंय. ई-साक्ष्य ॲप त्यासाठीच आलंय, रेकॉर्डिंगबरोबर जागा आणि वेळही नोंदली जाते. पण ॲप मिळालं म्हणजे फोन मिळाला असं होत नाही ना. फोन, डेटा पॅक, फुटलेला स्क्रीन, बदली झाली की फोन कोणाच्या ताब्यात, हे सगळं बजेटच्या कोणत्या तरी हेडमधे बसवावं लागतं आणि तिथेच फाईल अडते. आणि स्वतःच्या फोनमधली क्लिप उद्या कोर्टात आली की साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यायची, मग वकील विचारणार की हा फोन घरी पोरं गेमला वापरतात का. तेव्हा मागणी पत्रात "फोन द्या" एवढंच लिहू नका, ठाण्याच्या नावाचं सिम, लॉक केलेले ॲप आणि बिघडला तर बदली हँडसेट असं तिन्ही लिहा.

प्रश्न: एकदा एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं की सुटका नसते असं म्हणतात, खरंय का?

बऱ्यापैकी खरंय, आणि फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमधे पोलीस, ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड सगळे एअरवेव्ह नावाच्या रेडिओ नेटवर्कवर बोलतात. ते बदलून 4जी वर नवीन नेटवर्क आणायची कंत्राटं 2015 मधे झाली. त्यात मोटोरोला हा मोठा पुरवठादार होता, आणि 2016 मधे त्याच मोटोरोलाने एअरवेव्ह कंपनीच विकत घेतली! म्हणजे नवीन नेटवर्कला उशीर झाला तर जुन्यातून कमाई त्यांचीच. शेवटी तिथल्या स्पर्धा आयोगाने 2023 मधे एअरवेव्हच्या दरावर मर्यादा घातली, आणि त्या प्रकरणात मोटोरोला नवीन प्रकल्पातून बाहेर पडली.

आपल्याकडे सीसीटीएनएसला (देशभरातली पोलीस ठाणी आणि एफआयआर एका संगणक यंत्रणेत जोडणारा प्रकल्प) 2009 मधे 2 हजार कोटींची मंजुरी मिळाली, तेव्हा एक गोष्ट शहाणपणाची झाली, मूळ सॉफ्टवेअर केंद्राने एकदाच विप्रोकडून बनवून घेतलं आणि राज्यांना दिलं. राज्यांनी आपापले इंटिग्रेटर नेमले. त्यामुळे इंटिग्रेटर बदलला तरी एफआयआरचा डेटा सरकारचाच राहतो. माझा आग्रह एकच, प्रत्येक टेंडरमधे सोडून जाण्याची कलमं हवीत, म्हणजे डेटा कोणत्या फॉरमॅटमधे परत देणार, किती दिवसात, आणि नवीन वेंडरला शिकवायचा खर्च कोणाचा. ही कलमं छापील असतात पण भरलेली नसतात, "परस्पर संमतीने ठरेल" असं लिहून सोडतात.

एआयबद्दल दोघांनी विचारलं. मार्व्हल (राज्य सरकारची पोलिसांसाठीची एआय कंपनी), महाक्राइमओएस (तपासात मदत करणारं एआय सॉफ्टवेअर) वगैरे चालू झालंय, चांगलंय, तपास अधिकाऱ्याचं टायपिंग वाचलं तरी खूप. पण तिथेही हेच विचारा, उत्तर चुकलं तर नोंद कुठे राहते.

प्रश्न: इंटिग्रेटर कंपनीने मला जिल्ह्यासाठी साइट इंजिनियर म्हणून घेतलंय, पोलीस ठाण्यातच बसायचं. घेऊ का नोकरी?

घ्या, शिकायला भरपूर मिळेल, लोकही जपतात, चहा चुकणार नाही. फक्त कंपनीचं कंत्राट कधी संपतंय ते आधी विचारा, आणि पगार सबकॉन्ट्रॅक्टरकडून होणार की थेट, ते ऑफर लेटरवर बघा.