स्वस्त व्हिडिओ-कॅमेऱ्याची वाट किती पाहावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गुहागरहून एक वाचक विचारतात: लेन्स बदलता येईल आणि चांगला एचडी व्हिडिओही मिळेल, असा परवडणारा कॅमेरा येण्याची मी दोन वर्षे वाट पाहत आहे. घ्यायला निघालो की पुढच्या मॉडेलची बातमी येते. आणखी थांबावे का?

थांबू नये. आपण ज्याची वाट पाहत आहात तो कॅमेरा येऊन बरीच वर्षे झाली, हे थोडे मागे वळून पाहिल्यास ध्यानात येईल. ऑगस्ट 2008 मध्ये निकॉनने डी90 जाहीर केला, तेव्हा एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, व्हिडिओ पहिल्यांदा आला. मात्र तो 1280 बाय 720 चा, सेकंदाला 24 फ्रेमचा होता, एका वेळी पाच मिनिटांच्या पुढे जात नव्हता, आणि बाहेरचा माइक लावायला जागाच नव्हती. पुढच्याच महिन्यात कॅननच्या फाइव्ह डी मार्क टूने 1920 बाय 1080, म्हणजे आज आपण ज्याला फुल एचडी म्हणतो तो दर्जा आणला. पण त्याची किंमत हौशी माणसाच्या आवाक्यातली नव्हती आणि आपल्याकडच्या 25 फ्रेमच्या पद्धतीसाठी मार्च 2010 च्या फर्मवेअरपर्यंत, म्हणजे कॅमेऱ्यात भरायच्या नव्या सॉफ्टवेअरपर्यंत, थांबावे लागले. कॅननचाच 2009 चा 500डी स्वस्त होता खरा, पण फुल एचडीत तो सेकंदाला 20 च फ्रेम देई आणि नाचणारी पालखी त्यात अडखळत चालल्यासारखी दिसे. फेब्रुवारी 2010 मध्ये आलेल्या 550डीने 25 फ्रेम, माइकची खाच आणि हाताने एक्स्पोजर (चित्र किती उजळ यावे ते) ठरवण्याची सोय या तिन्ही गोष्टी हौशी वर्गाच्या कॅमेऱ्यात आणल्या, आणि त्या दिवशी प्रतीक्षा खरे तर संपली.

त्यानंतर मोठा म्हणावा असा फरक एकाच बाबतीत पडला, तो म्हणजे व्हिडिओ चालू असताना होणाऱ्या ऑटोफोकसमध्ये. माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आला तरी चेहरा धूसर होऊ न देणे हे त्या जुन्या कॅमेऱ्यांना जमत नव्हते, आजच्या मिररलेसना, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना, जमते. म्हणून आज नवा घेणाऱ्याने सोनी झेडव्ही-ई10 (2021), निकॉन झेड30 (2022) किंवा कॅनन आर50 (2023) या वर्गातला, हातात चांगला बसेल तो घ्यावा. थांबायचेच असेल, तर नव्या मॉडेलसाठी न थांबता, नवे आल्यावर मागच्याची किंमत उतरण्यासाठी थांबावे. मात्र सगळी रक्कम बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, संपवू नये. का, ते पुढच्या उत्तरात येते.

कुडाळचे एक वाचक लिहितात: जत्रेत रात्री दशावताराचे शूटिंग करतो. चित्रात काळसर आडवे पट्टे वरखाली सरकतात आणि अंधारात दाणे फार येतात. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि त्याचेच पट्टे दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवल्यास प्रत्येक ओळीच्या वाट्याला पूर्ण चढउतार येतात आणि पट्टे जातात. त्याआधी मेनूत जाऊन एनटीएससी या अमेरिकी व्हिडिओ-पद्धतीऐवजी पाल ही आपल्याकडची पद्धत निवडावी, कारण काही कॅमेऱ्यांत त्याशिवाय 25 फ्रेमचा पर्यायच दिसत नाही. मांडावर जनरेटर चालू असेल तर त्याची गती नेमकी 50 वर राहतेच असे नाही. मग एखादा पट्टा सावकाश रांगताना दिसेल. स्वस्त एलईडी माळांचे गणित तर आणखी निराळे असते, तेथे शटर थोडे थोडे मागेपुढे करून पाहण्यावाचून उपाय नाही.

दाण्यांचे कारण बहुधा लेन्स आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी 18-55 लेन्स पुढे ओढली की तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे भोक, एफ/5.6 वर येते (हा आकडा जितका लहान तितके भोक मोठे). 50 मिमीची साधी एफ/1.8 लेन्स तिच्या नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. म्हणजे जेथे आपण आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, जी वाढवली की दाणे वाढतात) 12800 लावत होता, तेथे 1600 सुद्धा पुरेल. पहिल्या रांगेच्या बाजूला बसलात तर ही लेन्स संकासुराला कमरेपासून मुकुटापर्यंत नेमके चौकटीत घेते. एवढ्या उघड्या ॲपर्चरला फोकसची खोली फारच थोडी असते, हे तिचे वैगुण्य. लढाईच्या प्रसंगात एफ/2.8 वर यावे. बॉडीतून वाचवलेले पैसे जेथे घालावेत, ती ही वस्तू.

मालवण: वडिलांच्या फिल्मच्या निकॉन कॅमेऱ्याची जुनी लेन्स घरी आहे. ती नव्या मिररलेसला चालेल का?

चालेल, आणि उत्तम चालेल. निकॉनच्या जुन्या एसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर 46.5 मिमी असे, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागे. आरसाच नसल्यामुळे सोनीच्या ई-माउंटमध्ये हे अंतर 18 मिमी आहे. उरलेल्या 28.5 मिमीची भर घालणारी धातूची पोकळ कडी, म्हणजे ॲडॉप्टर, मध्ये लावला की लेन्स दूरच्या क्षितिजापर्यंत बरोबर फोकस करते. या साध्या कडीत काच नसते, त्यामुळे ती महागही नसते. फोकस आणि ॲपर्चर हाताने फिरवावे लागेल. ‘लेन्स न लावता शटर’ अशा अर्थाचा पर्याय मेनूत चालू करायला विसरू नये, नाहीतर कॅमेरा लेन्स नाहीच असे समजून अडून बसतो. लावण्यापूर्वी लेन्स टॉर्चच्या उजेडापुढे धरून आत बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू दिसतात का ते पाहावे.

देवगड: फोरके (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा व्हिडिओ) असल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये, असे मुलगा म्हणतो.

मुलाचे म्हणणे चुकीचे नाही, पण घरच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहण्यासाठी नीट फोकस केलेले फुल एचडी पुरते, शिवाय कॅमेरा कमी तापतो आणि कार्डही लवकर भरत नाही.

रत्नागिरीहून प्रश्न: शिमग्यात पालखी नाचवतानाचे चित्र सुंदर आले, पण ढोलाचा आवाज फाटला. संपादनात सुधारेल का?

नाही. फाटलेल्या डिजिटल आवाजाचा वरचा भाग नोंदलाच गेलेला नसतो, तो परत आणता येत नाही. कॅमेऱ्यातील आवाजाची स्वयंचलित पातळी बंद करून ती हाताने अशी ठेवावी की ढोलाच्या मोठ्यात मोठ्या टिपरीला मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान पोचेल. स्वयंचलित ठेवल्यास ढोलाचा ठोका पडला की यंत्र आवाज दाबते, आणि लगेच मागे गाऱ्हाणे घालणाऱ्या गुरवाचा आवाज बुडतो. ढोलापासून हातभर अंतरावर उभे असाल तर माइकच दबतो, मग पातळी उतरवूनही उपयोग होत नाही. चार पावले मागे सरणे हाच उपाय. समुद्रकिनारी माइकवर केसाळ टोपी हवीच.

दापोलीच्या वाचक विचारतात: पावसाळ्यात कॅमेरा कोठे ठेवावा? दुकानदाराने चामड्याची पेटी दिली आहे.

त्या पेटीत मुळीच ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते. माझी 50 मिमीची एक लेन्स मी अशाच पेटीत घालून कपाटात ठेवली होती; गणपतीला बाहेर काढली तेव्हा मागच्या काचेवर बुरशीची पांढरी नक्षी उमटलेली होती, आणि ती साफ करून घेतल्यावरही काचेच्या लेपावर तिचा ठसा राहिला. रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा आणावा, त्यात एक छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवावे, आणि काटा 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे. तांदूळ ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये, त्याचे पीठ लेन्सच्या कड्यांत जाते. किनाऱ्यावरून आल्यावर बॉडी किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून मग कोरडी करावी, कारण नुसत्या कोरड्या फडक्याने मिठाचे कण काचेवर घासले जातात. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. पण निळ्याचे गुलाबी होणाऱ्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट क्षार असतो, तेव्हा त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नये, नारिंगीचे हिरवे होणारे जेल मागून घ्यावे आणि तेही वेगळ्या भांड्यातच तापवावे.